सातव्या ट्रॅकवर

शहापूरच्या स्टुडिओत दिपाली शिरली ती नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढायला. पण चेहरा असा पडलेला, की तो फोटो श्रद्धांजलीच्या बोर्डावरच शोभला असता.

"जरा हसा ना," कॅमेऱ्यामागचा तरुण म्हणाला.

"हसण्यासारखं काय झालंच नाय तर?"

"मग रडू तरी नका. डोळे बारीक येतात फोटोत."

आणि... तिला हसू फुटलंच.

हा रोशन. मुरबाडकडचा. लग्नांचं शूटिंग करायचं, एडिटिंग करायचं आणि दिवसभर बोलत राहायचं! फोटो छापून होईस्तोवर त्याने तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं. दिपाली शेणव्याची. आवणीला, भात लावताना, गावातल्या बायका जी गाणी म्हणतात त्यांवर तिने फिल्म केली होती. टीव्हीवाल्यांनी ती निवडली, रविवारची वेळही दिली. आणि आज फाइल परत! आवाज नियमात बसत नाही म्हणे. उद्या संध्याकाळपर्यंत नीट करून दिली नाही, तर तिच्या जागी दुसरी फिल्म लागणार. इकडे हिराबाई आत्याने, फिल्मभर गाण्यांत जिचा आवाज होता तिने, सगळ्या गावाला आवतण देऊन ठेवलेलं.

"एक्स्पोर्ट करताना काय केलंत?"

"बटन दाबलं."

"तिथंच घोळ झाला. तुमी सगळं एकात कालवून पाठवलंत. त्यांना ताटात वेगवेगळं वाढलेलं लागतं."

आठ ट्रॅक त्याने बोटांवर मोजून दाखवले. पहिल्या दोनांवर सगळं एकत्र. पुढच्या दोनांवर फक्त गाणी आणि पाऊस, म्हणजे हवं तर दुसऱ्या भाषेतलं निवेदन घालता येतं. उरलेले चार मात्र अगदी मुके ठेवायचे. दिपालीचं निवेदन तर गाण्यांतच मिसळून बसलेलं. गाण्यांचं मूळ रेकॉर्डिंग तिच्याकडे वेगळं होतं, निवेदन मात्र पुन्हा बोलायला हवं होतं.

आतल्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, त्याने माइक उभा केला. दिपाली पाणी पिऊन परत आली तेव्हा त्याचे कान लाल झालेले.

"काय झालं?"

"काय नाय... माइक तपासत होतो. बोला तुमी. पुस्तकातल्यासारखं नको. मघाशी माज्यावर डाफरलात ना, तसं बोला."

"मी डाफरले?"

"हां! हेच. असंच!"

संध्याकाळी त्याने तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. तिसऱ्या ट्रॅकवर तिचं निवेदन नव्हतं. बायकांच्या डोक्यावरच्या इरल्यांवर पडणारा पाऊस होता, चिखलातले पाय होते आणि आत्याचा मोकळा सूर होता. दिपालीचे डोळे भरून आले. तिच्या बटा हेडफोनमध्ये अडकल्या होत्या. त्या सोडवताना रोशनचा हात जरा जास्तच रेंगाळला... आणि तिने तो रेंगाळू दिला. मग मुके ट्रॅक ऐकत बसायचं कुणाला सुचतंय? फाइल तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली फोटो न्यायला आली. फोटो कालच तयार होते, पण ते सोडून द्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. टीव्हीवाल्यांकडे आवाज तपासणाऱ्या संजीवनी मॅडम. तिने स्पीकर लावला.

"सातव्या ट्रॅकवर पुरुषाचा आवाज येतोय. ऐकवते."

"हॅलो, चेक... ही शेणव्याची पोरगी चिडली की लय गोड दिसते. चेक... विचारू का हिला? नाय म्हणाली तर? हॅलो, हॅलो..."

मांडवात सगळे माइकवर एक-दोन-तीन म्हणतात. रोशनला मनात असेल ते बोलायची खोड. आणि काल माइक तपासतानाचं ते बोलणं सातव्या ट्रॅकवर तसंच राहून गेलं होतं!

"आवाज चांगला आहे हो," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "पण नियमात बसत नाही. आज संध्याकाळपर्यंत द्या. तिसऱ्यांदा मी काही करू शकणार नाही."

फोन बंद झाला आणि दिपाली उसळली. "आत्यानं गावाला सांगून ठेवलंय! तुज्या येडेपणापायी तिचं गाणं गेलं असतं!"

"चुकलं माजं. आता करून देतो."

रोशनने फाइल पुन्हा उघडली. आज दिपालीने एकेक ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला. फाइल गेली. मग दोघं नुसती फोनकडे बघत बसली. ऊन उतरू लागलं तेव्हा कुठे निरोप आला... मंजूर!

दिपालीने त्याचा हात घट्ट धरला. सोडायचं दोघांनाही सुचेना.

"ते सातव्यावरचं... पुसून टाकलंय," तो खाली मान घालून म्हणाला.

"का पुसलंस?"

"तुला राग आला ना?"

"आत्याच्या गाण्यापायी आला रे. बोललास त्याचा नाय आला."

त्याने मान वर केली. "मग... परत बोलू?"

"बोल की. पण माइकशी नको. तो काय उत्तर देणार हाय तुला?"

"दिपाली... तू मला आवडतेस. लय."

"मला पण तू आवडतोस." तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "रविवारी शेणव्याला ये. आत्याच्या शेजारी बस. सगळा गाव टीव्हीकडं बघंल आन् आत्या तुज्याकडं."

"आन् तू?"

"मी तर कालपासून बघतेच हाय."