टेबललॅम्पचे दोन गुण

“खोली छान आहे, पण टेबलावरचा दिवा अगदीच मंद आहे.”

तिनं त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमकथेची सुरुवात अशी कुणी करत नाही. पण ही प्रेमकथा आहे हे तिला तरी कुठं ठाऊक होतं! ती आली होती कामाला. नुकतीच बाहेरून आल्यामुळे हातातली छत्री हॉटेलच्या चकचकीत फरशीवर टिपटिप गळत होती, आणि काउंटरमागचा तो मात्र फरशीकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

“वाचत बसता का?” त्यानं विचारलं.

“लिहीत.”

“मग बघतो काहीतरी,” असं म्हणून त्यानं तिच्या हातातली छत्री अलगद घेतली आणि कोपऱ्यात उघडून वाळत ठेवली. त्याचा टाय जरासा वाकडा होता. ते तिच्या लगेच लक्षात आलं, कारण वाकडं काही दिसलं की तिच्या लक्षात यायचंच.

ती ग्राहकांच्या एका मासिकात होती. मिक्सर असो, गादी असो नाहीतर विम्याची पॉलिसी, वाचकांनी पैसे घालण्याआधी ही मंडळी ती वस्तू वापरून बघत आणि गुण देत. तिच्याकडे हॉटेलांची क्रेडिट कार्डं होती. बँक आणि हॉटेल मिळून असं कार्ड काढतात. त्यावर खर्च केला की पॉइंट जमतात, पॉइंटांवर फुकट मुक्काम मिळतो. शिवाय चांगली खोली, दोघांचा नाश्ता, उशिरापर्यंत खोली ठेवायची सवलत… कागदावर सगळंच गोड. त्यातलं खरं किती, हे ती स्वतः राहून बघायची. गुपचूप, आपण कोण हे कुणालाही कळू न देता. एका पॉइंटची किंमत काढताना ती दशांशचिन्हापुढं तीन घरं जायची. ऑफिसात तिला ‘फूटपट्टी’ म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे.

सहा कार्डं होती, आणि प्रत्येकाचे चार मुक्काम. या हॉटेलात दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा खिडकीबाहेर नदी होती आणि टेबलावर हिरव्या टोपीचा मोठा टेबललॅम्प. त्याच्या वायरीला एका जागी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ‘कार्डधारकास मागणीनुसार टेबललॅम्प – दोन गुण,’ तिनं तक्त्यात लिहिलं. चिकटपट्टीबद्दल अर्धा गुण कापावा, असं मनात आलं होतं. पण कागदावर उजेड इतका छान पडला होता, की जाऊ दे म्हणाली.

तिसऱ्या खेपेला ती मुद्दाम खाली येऊन म्हणाली, “या वेळी तरी बारा वाजता खोली सोडायची ना?”

“कार्ड आहे की तुमचं. चार वाजेपर्यंत थांबा.”

“नियमात ‘खोली शिल्लक असल्यास’ असं लिहिलंय.”

“शिल्लक आहे.”

“तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत!”

“मला पाठ आहे,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

“बरं, टाय तरी सरळ करा.”

“तेवढा एक दोष राहू द्या. नाहीतर तुम्ही लिहिणार काय?”

ती दचकली. याला कळलं की काय? “मी… कशाबद्दल लिहिणार?”

“सारखं काहीतरी लिहीत असता म्हणून म्हटलं. गोष्टी लिहिता का?”

“आकडे लिहिते.”

“मग गोष्ट राहिलीच म्हणायची,” तो म्हणाला आणि उगाचच किल्ल्या लावत बसला.

घरी जाताना बसमध्ये तिनं स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. अगं, गोड बोलायचाच पगार मिळतो त्याला. ते हसू कार्डाच्या वार्षिक फीमध्ये धरलेलं असतं. उद्या दुसरं कुणी कार्ड पुढं केलं की त्यालाही मिळेल. असं बजावून तिनं ‘स्वागत’च्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले. तिला तो आवडला होता, आणि आपल्याला जे आवडलं ते त्याचं नसून कार्डाचं आहे, या विचारानं तिला फार उदास वाटत होतं.

चारही खेपा ती पावणेचारला बाहेर पडली. दिलेल्या वेळेच्या आधी निघावं, ही तिची शिस्त. अहवाल छापून आला, हे कार्ड पहिलं ठरलं, आणि मग तिथं जायला काही निमित्तच उरलं नाही. कारणाशिवाय हॉटेलात जाऊन राहणाऱ्यांतली ती नव्हती.

वर्ष गेलं. एका सोमवारी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी आणि काकांनी तिचा अहवाल वाचून तेच कार्ड घेतलं होतं. किराण्यापासून औषधांपर्यंत सगळा खर्च त्यावर करून पॉइंट जमवले होते आणि लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला शनिवार-रविवार तिथं राहून आले होते.

“काय गं बाई, कसलं हॉटेल सांगितलंस! खिडकी उघडली तर समोर भिंत.”

“नदीकडची खोली नाही दिली?”

“नदी होती ना! पलंगामागच्या भिंतीवरच्या चित्रात. आणि बाराच्या ठोक्याला दार वाजवायला सुरुवात. तुझे काका गालाला साबण लावून उभे! चार वाजेपर्यंत राहता येतं म्हणाली होतीस ना तू?”

“टेबललॅम्प… मागितलास?”

“मागितला की. काउंटरवरची ती मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मी तिच्या घरचा पंखाच मागितला.” मग मावशी हळू आवाजात म्हणाली, “काकांना म्हटलं, आपली पोर खोटं लिहायची नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल.”

ते शेवटचं वाक्य तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काउंटरसमोर उभी राहिली. तिला बघताच त्याचा हात टायकडे गेला.

“तो दिवा कुणाचा होता?”

“माझ्या घरचा. तुमचं बुकिंग दिसलं की बसमधून घेऊन यायचो.”

“आणि नदीकडची खोली?”

“ती रिकामी असली की कुणाला द्यायची, ते आम्हीच ठरवतो.”

“चार वाजेपर्यंतचं काय?”

“साफसफाईच्या ताईंना सांगून ठेवलं होतं. त्या तुमची खोली सगळ्यात शेवटी घ्यायच्या.”

“म्हणजे कार्डाचा काही संबंधच नाही?”

“कार्ड मी धड बघितलंही नव्हतं…”

तिला रडावं की हसावं कळेना. महिनोन् महिने घासून केलेलं काम मातीत गेलं होतं. किती वाचकांनी भिंतीकडं तोंड करून सुट्टी काढली असेल, देव जाणे. आणि तरीही आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण ते हसू कार्डाचं नव्हतं. त्या आनंदाची तिला लाजही वाटली. आपण कोण, इथं का येत होतो, मावशीचं काय झालं, ते सगळं तिनं सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला.

“त्यांचा चाळिसावा वाढदिवस… माझ्यामुळे?”

“आपल्या दोघांमुळे,” ती म्हणाली आणि निघाली.

मासिकाचा एक जुना नियम होता. दुरुस्ती छापायची तर चूक का झाली तेही छापायचं, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणंही घ्यायचं.

“‘नजरचुकीने’ असं लिही आणि मोकळी हो,” संपादकबाई म्हणाल्या. “खरं कारण लिहिलंस तर हा विभाग मला तुझ्याकडे ठेवता येणार नाही. परीक्षकाचं मन गुंतलं की काम दुसऱ्याकडे, हे तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. सात वर्षं तिनं तो विभाग उभा केला होता. दिवसभर ती कोऱ्या कागदाकडे बघत बसली. ‘नजरचुकीने’ हा शब्द एकदा लिहिला आणि खोडला. आपली पोर खोटं लिहायची नाही, असं मावशी म्हणाली होती.

तीन दिवसांनी तिनं टाइप केलेला कागद काउंटरवर ठेवला. त्यानं वाचला.

‘दुरुस्ती – नदीकडची खोली, दुपारी चारपर्यंतचा मुक्काम आणि टेबललॅम्प या गोष्टी या कार्डावर मिळत नाहीत. ते पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर आणत आहोत. वाचकांची मनापासून माफी. चूक होण्याचे कारण – ही व्यवस्था हॉटेलातील एका कर्मचाऱ्याने आपणहून केली होती. परीक्षकाला ते ओळखता आले नाही, कारण तिला तो आवडू लागला होता आणि हे ती स्वतःशीही कबूल करत नव्हती.’

त्याचे कान लाल झाले. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हे… छापणार?”

“पुढच्या अंकात.”

“आणि तुमचा विभाग?”

“गेला. आता इस्त्र्या तपासायच्या.” आवाज सरळ ठेवायचा तिनं प्रयत्न केला. “तुमच्या साहेबांना कळलं तर?”

“मीच सांगितलं त्यांना. चिडले. घरचं सामान आणायला बंदी घातलीय.”

“खाली एक जागा तुमची आहे. काही चुकीचं वाटलं तर लिहा.”

त्यानं पेन घेतलं. बराच वेळ विचार केला, मग लिहून कागद तिच्याकडे फिरवला.

‘मजकूर मान्य. कर्मचाऱ्याची ड्यूटी चार वाजता संपते. परीक्षक दर वेळी पावणेचारलाच निघून जात.’

तिनं मान वर केली. “म्हणजे, चार वाजेपर्यंत थांबा म्हणत होतात ते…”

“बरोबर बाहेर पडावं म्हणून. बसस्टॉपपर्यंत तरी. चार खेपा वाट बघितली.”

“सांगायचं नाही का मग!”

“पाहुण्यांना असं विचारलेलं चालत नाही इथं.” तो घुटमळला. “मावशींना आणि काकांना एकदा माझ्या घरी चहाला आणाल? नदी नाही दिसत… पण दिवा आहे.”

“मावशी खिडकी आधी बघेल,” ती म्हणाली. “मी आज पाहुणी नाहीये. विचारा.”

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आज थांबाल? चार वाजेपर्यंत?”

ती काउंटरसमोरच्या सोफ्यावर जाऊन बसली. काचेबाहेर पाऊस भुरभुरत होता. पावणेचार वाजले तसा तिचा हात सवयीनं पर्सकडे गेला. मग तिनं पर्स सोफ्यावर ठेवली, छत्री कोपऱ्यात उघडून वाळत घातली, आणि परत येऊन बसली.