निळ्या चिंधीचे गठ्ठे

"वहिनीऽऽ! अगं वहिनी, कारखान्यात कायम केलं मला! कायम!"

जिन्यातूनच ओरडत आली चिमणी. एक पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे एरवी तिचा आवाज आधी घरात यायचा आणि ती मागाहून. पण त्या संध्याकाळी दोघं बरोबरच आत शिरली बघा! आली ती थेट वहिनीच्या गळ्यातच पडली. सासूबाई पिठाच्या हातानंच धावल्या. चिमणीचा थोरला भाऊ, दादा, छापखाना बंद पडल्यापासून खिडकीला चिकटून बसलेला गडी, तोसुद्धा उठून उभा राहिला. त्या घरात इतकं हसू शेवटचं कधी ऐकलं होतं ते भिंतींनाही आठवलं नसतं!

वहिनीही हसत होती. हसता हसता पदरानं डोळे पुसत होती, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाचं पाणी आहे... होतंच की तेही! पण त्यातलं निम्मं दुसरंच होतं. त्याच दुपारी, त्याच कारखान्यानं तिला घरी बसवलं होतं.

"आणि तुझं गं, सूनबाई?" सासूबाईंना उशिरा आठवलं.

"मला नको म्हणाले, आई. हात मंदावलाय म्हणाले."

"मंदावलाय? काल मशिनवर बसलेली पोर पुढे गेली, आणि तू इतकी वर्षं शिवतेस ती घरी? घरात एक बसलाय तो पुरे नव्हता का?"

दादाची मान खाली गेली. वहिनीच्या काळजात चर्र झालं. स्वतःसाठी नव्हे हो, त्या खाली गेलेल्या मानेसाठी! पण ती ताटं मांडायला उठली. बोलली असती तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्याचं असं होतं. कारखाना शर्टांचा. ओळीत बसलेल्या बायका कॉलरी शिवायच्या आणि शिवून झालेला गठ्ठा आपापल्या रंगाच्या चिंधीनं बांधून ठेवायच्या. संध्याकाळी सुपरवायझर बाई रंगावरूनच ठरवायची, कुणाचं काम किती. वहिनीची चिंधी पिवळी, चिमणीची निळी. दोघी रोजंदारीवर. मजुरी अशी की घरी पोचेपर्यंत वाटेतच संपावी; एक दिवस ताप आला तर तो दिवस गेलाच म्हणून समजा. मग बातमी आली की काही बायकांना कायम करणार... पण एका घरातली एकच!

वहिनीचा हात मशिनसारखा चालायचा. ती जागा तिचीच होती, सगळी ओळ तसं म्हणायची. पण पुढच्या मशिनवर वाकून बसलेली चिमणीची पाठ दिसली की वहिनीचा जीव तुटायचा. या पोरीला किती फाटकांवरून परत पाठवलं होतं! नाव विचारायच्या आधी पाय बघायचे. कालव्यापलीकडच्या बॅगांच्या कारखान्यात तर पहारेकऱ्यानं तिला उंबराही ओलांडू दिला नव्हता. मी काय, मी लादी पुसेन, भांडी घासेन, मला कुठेही घेतील. हिला हे एकच दार उघडलंय, तेही बंद झालं तर?... असं मनाशी म्हणत, चिमणी पाणी प्यायला उठली की, वहिनी आपले गठ्ठे निळ्या चिंधीनं बांधायची आणि तिच्या ढिगावर ठेवून द्यायची. पिवळा ढीग रोज खाली, निळा रोज वर! सुपरवायझर बाईनं सगळ्या ओळीसमोर वहिनीची खरडपट्टी काढली, ती तिनं मुकाट ऐकून घेतली. आतून मात्र लेकीचं लग्न ठरल्यासारखी खूश!

सुट्टीचा एक दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार धाडकन उघडलं.

चिमणी! घामानं निथळलेली, डोळे लालबुंद, आणि मुठीत निळ्या चिंध्यांचा बोळा.

"ह्या कुणी बांधल्या, वहिनी?"

"अगं, तू कामावरून अशी मधेच..."

"कुणी बांधल्या ते सांग!" तिनं बोळा वहिनीच्या पायाशी आपटला. "आज दुपारपर्यंत माझा ढीग एवढासा! बाई म्हणाली, कायम झालीस आणि लगेच अंगात आळस भरला का? आणि शेजारची फिदीफिदी हसली. म्हणाली, आता हिची वहिनी नाही ना ढीग वाढवायला! सगळ्या ओळीला ठाऊक होतं, वहिनी! एक मीच गाढव! रोज घरी येऊन फुशारकी मारत होते, माझा हात बसला म्हणून..."

सासूबाई कणकेच्या परातीपाशी तशाच थिजल्या. दादा वळून बायकोकडे बघतच राहिला.

"चिमणे, मी तुझ्या भल्यासाठीच..." वहिनी चिंध्या गोळा करायला वाकली.

"भल्यासाठी? फाटकावरच्या लोकांनी मला कमी लेखलं, ते मी गिळलं! ते परके होते. पण तूही, वहिनी? तुलाही वाटलं, हिला काही जमायचं नाही? मला शिकवायचं होतंस, ओरडायचं होतंस, एक थोबाडीत द्यायची होतीस... भीक का घातलीस गं?"

हा घाव मात्र वर्मी बसला. एवढे टोमणे खाऊन जी डगमगली नव्हती ती वहिनी मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. आपण पदराखाली झाकून जपलं, ते या पोरीला गुदमरवत होतं, हे तिला त्या घटकेला उमगलं!

"चुकले मी... चुकले गं बाई! तुझी पाठ दुखताना बघवत नव्हती मला..."

चिमणीचाही बांध फुटला. ती खाली बसून वहिनीला बिलगली. हुंदक्यातच म्हणाली, "मी बाईला सगळं सांगून आले. म्हटलं, जागा वहिनीची आहे, तिलाच द्या. बाई इतकी चिडली, इतकी चिडली... पण माल वेळेवर द्यायचाय ना त्यांना! उद्या ये म्हणालीय तुला."

आता सासूबाईंना हुंदका आवरेना. सुनेजवळ आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला, पिठाची पाची बोटं उमटली. "मेले मी कजाग! इतकं बोलले तुला, आणि तू उलटून एक शब्द..."

"आई, रडणं मागाहून!"

हा दादा होता. आवाज असा की तिघी चमकून बघायला लागल्या. तो चिमणीसमोर उकिडवा बसला होता.

"चिमणे, हात चांगला आहे तुझा. मग उशीर का होतो? आणि पाठ का दुखते? मशिनवर बसतेस तशी बस बघू."

चिमणी स्टुलावर बसली. पायडलपर्यंत पाय पोचावा म्हणून पार कडेला सरकली, वाकली, अंग तिरकं केलं. दादानं कपाळावर हात मारला.

"अरे देवा! ही घसरू नये म्हणून जोर लावतेय, शिवणार कधी? एवढे दिवस आम्ही तुझ्या तोंडाकडे बघून हळहळलो, पायाकडे एकानंही नीट बघितलं नाही! पायडल वर आणलं की झालं की गं!"

आणि मग त्या घरात जी धांदल उडाली! छापखान्यातली यंत्रं खोलून जोडणारे ते हात किती दिवसांनी हलले! दोरीनं माप घेतलं, मोडक्या खाटेचा पाय कापला, तासला, घासला, खाली चामड्याचे पट्टे ठोकले. कुठल्याही पायडलवर आवळता येईल असा ठोकळा! सगळी वरात कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. शिंपी म्हणाला, "मशीन मोडलं तर?" सासूबाई कडाडल्या, "माझा लेक मोडलेलं जोडतो रे, मुडद्या! ऊठ तिथून!"

चिमणी बसली. ताठ बसली! पायडल दाबलं आणि सुई अशी पळाली, अशी पळाली की शिंपी स्वतःच टाळ्या पिटायला लागला.

वहिनी आपल्या जागेवर परत गेली. कायमची. पण एका घरातली एकच, हा नियम काही हलला नाही. तेव्हा एका सकाळी चिमणीनं ठोकळा काखेत मारला.

"कालव्यापलीकडे चाललेय. बॅगांच्या कारखान्यात."

"मी येते फाटकापर्यंत..."

"वहिनी!"

"बरं बाई, नाही येत." वहिनीनं ओठ घट्ट मिटले. ते मिटणं तिला गठ्ठे देण्याहून जड गेलं हो!

दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कारखाना सुटताच धावत कालव्याच्या पुलाशी आली. बायकांचा लोंढा आला, ओसरला. सगळ्यांत मागून चिमणी येत होती. हळूहळू... आणि हात रिकामे! काखेत ठोकळा नाही! फेकला मेल्यांनी! हाकललं पोरीला! काय केलं मी, एकटीला पाठवलं...

"चिमणे! अगं, ठोकळा कुठंय?"

चिमणी समोर येऊन थांबली. दमलेली, केसांत धागे अडकलेले.

"ठोकळा? मशिनलाच ठेवून आले की. उद्या परत लागणार ना!"