दुसरं प्रकरण

राजेश्वरी हॉटेलात शिरली आणि दारातच थबकली. कोपऱ्यातल्या तिच्या टेबलावर भलताच कुणीतरी तरुण बसला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या लहानशा हॉटेलात चालू असलेला एकच प्लग होता आणि तो नेमका त्या टेबलापाशी. त्यात आत्ता या महाशयांचा लॅपटॉप लावलेला.

"ही जागा माझी आहे," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. खुर्चीच्या पाठीवरही पाहून घेतलं. "नाव नाही दिसत कुठं."

"रोज ऑफिसच्या आधी बसते मी इथं. लिहायला."

"मग बसा की. मी पण लिहितोच आहे." त्यानं स्वतःची वायर काढली आणि प्लग तिच्याकडे सोडला. "आधी तुमचं होऊ द्या. माझं थोडं दम धरील."

तिनं रागानंच वायर खोचली. पण त्याच्या डोळ्यांतलं हसू तिला दिसलंच... आणि आपल्याला ते दिसलं, याचाही थोडा राग आला.

त्याचं नाव गुरुराज. अक्कलकोटचा. घरात कन्नड, शाळेत मराठी. मोबाइलवर ऐकायच्या मालिका लिहायचा, रोज एक भाग. आणि राजेश्वरी केम गावची. सोलापुरात मावशीकडे राहून टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघायची. तिची कादंबरी होती विजयमालेची, केमच्या कुंकवाच्या कारखान्यात राबणाऱ्या एका विधवेची. पहिलं प्रकरण सुंदर झालं होतं. इतकं सुंदर, की गेली काही वर्षं ती तेच पुन्हा पुन्हा लिहीत होती.

"आणि दुसरं प्रकरण?" एके दिवशी उप्पीट खाता खाता त्यानं विचारलं.

"दुसऱ्यात ती घर सोडून जाते. ते माझ्याच्यानं नीट होत नाही."

"बरी," तो म्हणाला.

"बरी? वाचली तरी आहे का तुम्ही? नुसती बरी?"

तो खो खो हसला. "अहो, कन्नडमधे बरी म्हणजे लिही. नीट नको. नुसतं लिही."

मग त्यानं हात लांब केला आणि तिच्या लॅपटॉपचा उजेड कमी कमी करत नेला. पडदा पार काळा झाला. "आता खोडताच येणार नाही. टाइप करा."

"वेडेपणा आहे हा."

"व्हय. पण करून तर बघा."

ती आंधळ्यासारखी टाइप करत सुटली. बाहेर पावसाची सर आली, पत्र्यावर ताशा वाजायला लागला, तरी तिची बोटं थांबली नाहीत. उजेड वाढवला तेव्हा पानभर चुका होत्या. विजयमालेची 'विजयमला' झाली होती. पण ती उंबऱ्याच्या बाहेर पडली होती. राजेश्वरी त्या पानाकडे बघतच राहिली. आणि तो पानाकडे नाही, तिच्याकडे.

त्यानंतर सकाळी आरशासमोर तिला जरा जास्त वेळ लागू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा तिनं सहज विचारलं, "मालिकेत तुझं नाव येतं का रे?"

"नाही. आमच्यात नाव नसतं."

"म्हणूनच एवढं भरभर लिहितोस. मालिका पडली तरी तुझं काहीच पडत नाही."

ती चेष्टेनंच बोलली होती. पण गुरुराजचा चेहरा उतरला. त्यानं लॅपटॉप मिटला, चहा अर्धाच ठेवला. "खरं आहे," एवढंच म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही.

राजेश्वरी वाट बघत बसे. दार वाजलं की मान वळायची. फोन लावावा असं मनात यायचं. पण काय बोलायचं? खरं बोलल्याची माफी कशी मागतात? त्या दिवसांत तिनं एक ओळ लिहिली नाही. मग एका सकाळी तिला स्वतःचीच चीड आली. विजयमाला एकटी घराबाहेर पडते, आणि आपलं लिहिणं मात्र समोरच्या रिकाम्या खुर्चीवर अडून बसलंय! तिनं आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि लिहायला बसली.

काही दिवस भिकार गेले, काही झकास. दोन्ही तऱ्हेच्या दिवशी ती लिहीत राहिली. दसरा झाला, दिवाळीचे फराळ झाले, आणि हवेत गारवा आला तेव्हा कादंबरी संपली. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवूनही दिली. मग तिनं गुरुराजला फोन लावला.

"संपली," ती म्हणाली.

पलीकडून तो ओरडलाच, "खरंच? लई भारी, राजेश्वरी." आणि मग हळूच, "मी पण एक लिहिलंय. नवी मालिका नाही घेतली. कथा आहे... माझ्या नावाची. दाखवायची भीती वाटते."

"उद्या ये. नेहमीच्या वेळेला."

तो आला. ती त्याची कथा वाचत होती आणि तो समोरच्या इडलीचा चुरा करत होता. शेवटचं पान संपल्यावर तिनं मान वर केली.

"मधे दोनदा थांबले मी. हेवा वाटला म्हणून. पण शेवट खोटा आहे."

त्यानं श्वास सोडला. "वाटलंच होतं."

"तुझी नायिका मनातलं न बोलताच निघून जाते. का म्हणून? खरी बाई बोलली असती."

"काय बोलली असती?"

राजेश्वरीनं पानं टेबलावर नीट ठेवली. तिचे कान तापले होते, पण आवाज स्थिर होता. "म्हणाली असती, मला तू आवडतोस. आधी तू समोर असायचास म्हणून मी लिहायचे. मग तुझ्याशिवाय लिहून बघितलं... जमलं. आता कशासाठी आवडतोस, असा घोळ राहिला नाही. म्हणून सांगते."

गुरुराजला रोज पानंच्या पानं संवाद सुचत.  आत्ता त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं तो धरला, इडलीच्या चुऱ्यासकट.

"आणि प्रकाशकानं नाही म्हटलं तर?" हात न सोडताच त्यानं विचारलं.

"तर दुसरा बघीन. मी तर नव्या कादंबरीला हात पण घातलाय." ती हसली. "रविवारी केमला येतोस? बाबांना सांगून ठेवलंय, एकजण येणार आहे म्हणून."

"कोण म्हणून सांगितलंस?"

"ते तुला बघून त्यांचं ते ठरवतील. माझं ठरलंय."

 तो खुर्ची टेबलाजवळ ओढत म्हणाला, "गाडी किती वाजता आहे?"