जोडीचा जॉब

खोटं सांगणं माझ्या नेमात बसत नाही. हे माझ्या धाकट्या दिरांच्या लेकीवर, आमच्या छोटीवर गुदरलेलं आहे. जसं तिनं सांगितलं तसंच लिहिते.

तेव्हा रात्रसुद्धा नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती. जागा... तिच्या तंत्रनिकेतनातली फिटिंगची कार्यशाळा.

तिथे पहिल्या वर्षाला एक जॉब जोडीनं करायचा असतो. एकीनं लोखंडी पट्टी कानशीनं घासून तिला जीभ काढायची, दुसरीनं दुसऱ्या पट्टीत त्याच मापाची खाच पाडायची. मग जीभ खाचेत बसवून सर खिडकीशी धरतात. मधून उजेड दिसला की दोघी नापास.

छोटीची जोडीदारीण होती खारूताई. नाव अर्थातच वर्गानं ठेवलेलं. बाकीचे लांब हात मारत. ही डावखुरी पोर मात्र कुरतडल्यासारखी बारीक बारीक कानस चालवायची, आणि दात्यांतला कीस झाडायला मध्येच कानस बेंचवर आपटायची. खर्र-खर्र-खर्र... टक. ब्रश काय दात घासायला दिलाय का, असं सर विचारायचे. ही शहाण्यासारखी मान डोलवायची आणि पुन्हा टक.

खाच अर्धीमुर्धी झाली होती. एक दिवस ती तापानं फणफणून घरी गेली.

परत आलीच नाही.

तिच्या आईनं छोटीकडे एवढंच मागितलं. लेकीच्या हातचं काही तिथं राहिलं असेल तर आणून दे.

तपासणी सोमवारवर आली. कपाटातला जुना तुकडा घे, त्याच्या खाचेत तुझी जीभ बसव, वर्ष घालवू नकोस, असं सरांनी परोपरीनं समजावलं. छोटी ऐकेना. खारूताईचं काम अर्धवट राहिलेलं तिला त्या माउलीच्या हातात ठेवायचं नव्हतं. पुरं करून, पास करून घेऊनच ती ते देणार होती. शेवटी सरांनीच रविवारची परवानगी काढून दिली.

त्या दुपारी तिनं खाचेचा तुकडा बेंचवरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला. कानस उचलली.

आणि हात थबकला.

खाचेत खारूताईच्या कानशीच्या रेघा होत्या. डाव्या हाताच्या, सगळ्यांपेक्षा उलट्या कललेल्या. त्यांवर कानस फिरली की त्या पुसल्या जाणार. घासलेलं लोखंड काही परत भरून येत नाही.

ती नुसती बघत राहिली. उन्हं कलली तरी एक हात मारवला नाही. शेवटी कानस उजवीकडे ठेवून ती तोंड धुवायला बाहेरच्या नळावर गेली.

नळ बंद केला, आणि...

खर्र-खर्र-खर्र...

टक.

दाराशी रखवालदारकाका पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली. छोटीकडे बघितलं, मग दाराकडे.

"तू इथं आहेस..." ते हळूच म्हणाले, "मग आत कोण आहे गं?"

दोघं दारात गेली. आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. मागचं दार कुलूपबंद. सगळी यंत्रं झाकलेली.

फक्त कानस आता व्हाइसच्या डावीकडे होती. बेंचवर ताजा कीस पडला होता. खाच पुरी झाली होती, आणि आतल्या नव्या रेघाही उलट्याच कललेल्या.

छोटीनं तुकड्याला हात लावला.

गरम होता.

काका रामनाम घेत मागच्या पावली फाटकापर्यंत गेले. छोटी म्हणते, काकू, मला भीती वाटलीच नाही. तिनं आपली जीभ त्या खाचेत सरकवली आणि खिडकीशी धरली. केसभरही उजेड नाही.

"झालं का गं तुझं?" तिनं रिकाम्या खोलीला विचारलं.

कानस तिनं तिथंच, डावीकडे राहू दिली.

सोमवारी सरांनी जॉब बराच वेळ उजेडाशी धरला. खाच कुणी पुरी केली, असं त्यांनी विचारलं.

"तिनंच, सर."

आतलं काम बघायला त्यांनी दोन्ही तुकडे ओढले. सुटेनात. तेल सोडलं, लाकडी हातोडीनं ठोकलं. हलेनात. सरांनी हातोडी खाली ठेवली. पासाचा ठसा तसाच जोडीवर मारला.

संध्याकाळी छोटी जॉब घेऊन खारूताईच्या घरी गेली. माझा तुकडा निघत नाही, काय करू, म्हणाली.

"असू दे, बाळा," आई म्हणाली. "तिला एकटीला कधी करमलंच नाही."

जोडी तिथंच राहिली. छोटी पुन्हा जेवायला लागली, झोपायला लागली. आम्हाला वाटलं, निभावलं.

मग एका सकाळी खारूताईची आईच आमच्या दारात उभी. रुमाल सोडला. आत एकटा छोटीचा तुकडा.

"उठून बघते तर सुटून पडलेला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता." तिनं छोटीच्या केसांवरून हात फिरवला. "तिनं तुला मोकळं केलं गं."

पोरगी गेली तेव्हा छोटी इतकी रडली नव्हती. तो तुकडा पोटाशी धरून ती माझ्या मांडीवर कोसळली.

"मला कुठं सुटायचं होतं, काकू?"



आता सांजेला त्या पोरीसाठीही हात जोडते. तिला गती मिळू दे, म्हणायला तोंड उघडते... पण शेजारी छोटी बसलेली असते, त्या 'टक'साठी दाराकडे कान लावून.

शब्द फुटत नाही.