दोऱ्याचं टोक

मुलांनो, एक शिवणयंत्र डोळ्यांसमोर आणा. पायाने चालवायचं काळं नव्हे; पांढरं, टेबलावर मावणारं, विजेवर चालणारं. आता त्याच्या सुईकडे बघा. सुईत दोरा नाही. वर कुठे रीळही नाही. सुईच्या टोकाशी माशाच्या गळासारखा बारीक आकडा आहे. ती रिकामी सुई कापडातून खाली जाते, खालच्या बॉबीनमधला दोरा आकड्यात पकडते आणि वर आणते. एक टाका, मग तेवढीच मोकळी जागा. पुन्हा एक टाका. अगदी हाताने घातलेल्या धावदोऱ्यासारखं. जपानमध्ये या नक्षीला साशिको म्हणतात. या यंत्राला दुसरं काहीही शिवता येत नाही.

आलं डोळ्यांसमोर? मग ऐका.

माझी सून संचिता पिशव्या आणि जाकिटं शिवायला ही मशीन घेऊन आली. मीरा रोडला पूनम सागरमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. चौतीस वर्षं मी शाळेत शिवण शिकवलं, त्यामुळे आठवड्याभरात मशीन माझ्याच ताब्यात आली. मे महिन्याच्या सुट्टीत चौथ्या मजल्यावरची सलोनी रोज दुपारी तीनला खाली यायची. नऊ वर्षांची, डावखुरी, तोंडाळ. तिची आई नेहा आठव्या महिन्यात होती आणि तिला पलंगावरून उठायची परवानगी नव्हती. आधीचं बाळ वेळेआधीच गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. दिवस भरेपर्यंत बाळ त्या एका टाक्यावर आत राहणार होतं.

सलोनी बाळासाठी दुपटं शिवत होती. निळं सुती कापड, त्यावर पांढरे टाके.

"बाळ यायच्या आधी झालंच पाहिजे हां, बाई," ती म्हणायची. "नाहीतर काय टॉवेलमध्ये गुंडाळायचं त्याला?"

पहिल्याच दिवशी मी तिला एक गोष्ट शिकवली. या मशीनचा दोरा आपणहून अडकत नाही. ओळ संपली की टोक चिमटीत धरून ठेवायचं आणि हाताने गाठ मारायची. "टोक सोडलंस की सगळं उसवतं," मी म्हटलं आणि चिंधीवरच्या ओळीचं टोक ओढून दाखवलं. आख्खी ओळ एका दमात निघून आली.

"मॅजिक!" म्हणत सलोनीने तो खेळ वीस वेळा केला.

एक भरलेली बॉबीन दुपट्याच्या एका कडेला पुरते. एका मंगळवारी सलोनीने एकाच बॉबीनवर दोन कडा संपवल्या आणि तिसरी सुरू केली.

"बाई, दोरा खतमच होत नाहीये."

मी झाकण उघडलं. बॉबीन रिकामी होती, तिचं प्लास्टिक चमकत होतं. तरीही कापडातून खाली गेलेला दोरा ताठ होता, पलीकडून कुणीतरी धरल्यासारखा. मी तो कात्रीने कापला. खालचं टोक सरकन आत गेलं.

पाहण्यात काहीतरी चूक झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी खिडकी लावताना दिसलं की पडद्याची खालची दुमड सुटून लोंबतेय. खाडीच्या खाऱ्या हवेने इथे दोरे कुजतात, ते मला माहीत आहे. पण कुजलेल्या दोऱ्याचे तुकडे राहतात. इथे फक्त भोकं होती.

बुधवारी सलोनी यायच्या आधी मी बॉबीन काढून टेबलावर ठेवली आणि चिंधीवर मशीन चालवली. सुई रिकामी गेली, रिकामी आली. चार वेळा. पाचव्या वेळी तिने दोरा वर आणला. मरून रंगाचा. मरून दोरा आमच्या घरात नव्हता. मी पेडलवरचा पाय काढला, तेव्हा माझ्या डाव्या खांद्याला गार वारा लागला. अंगातल्या मरून ब्लाउजची बाही शिवणीवर उघडी पडली होती.

मी मशीनची विजेची पिन काढली, मशीनवर चादर टाकली. संचिताला फोन केला, ही परत पाठव.

"आई, काय झालं? बिघडली का?"

"परत पाठव."

"बरं, बरं. कुरिअरवाला शनिवारी येईल."

सलोनीला सांगितलं, उरलेलं आपण हाताने करू.

"हाताने? तोवर बाळ कॉलेजला जाईल!"

तिच्या हसण्याने मला बरं वाटलं. तिसरी कड आम्ही गुरुवारी हाताने पुरी केली.

शुक्रवारी दुपारी सलोनीची आज्जी आशाताई कढीपत्ता न्यायला खाली आल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत उभ्या होतो. मुलगी कधी आत आली, कळलं नाही. मला आधी आवाज ऐकू आला. टक, टक, टक.

सलोनी मशीनसमोर बसली होती. चादर खाली पडलेली. दुपट्याच्या चौथ्या कडेवर टाके पडत होते, काळे, जाड आणि ताठ. शिवणाचा दोरा असा नसतो. असा दोरा मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, माझ्या धाकट्याच्या गुडघ्यावरच्या जखमेत, दवाखान्यात.

"सलोनी, पाय उचल."

"उचललाय, बाई."

तिचे दोन्ही पाय स्टुलावर दुमडलेले होते.

मी पिन खेचून काढली.

एक टाका. मोकळी जागा. एक टाका.

वरून नेहाची हाक आली. हाक नव्हे, कण्हणं. आशाताईंच्या हातातला कढीपत्ता खाली पडला आणि त्या जिन्याकडे धावल्या.

सुईखालच्या भोकातून दोऱ्याचं शेवटचं टोक वर येत होतं. ओलं होतं.

मी हातात पिन धरून उभीच होते.

सलोनीने डाव्या हाताची चिमूट पुढे केली, टोक पकडलं आणि मूठ आवळली.

सुई थांबली. कापडातले काळे टाके एकामागून एक निघाले आणि तिच्या मुठीत शिरले.

"थांबल्या!" जिन्यातून आशाताई ओरडल्या. "बाई, कळा थांबल्या हो!"

मी सलोनीजवळ गुडघ्यांवर बसले. "बाळा, आता सोड ते."

"तुम्हीच सांगितलंत ना," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "टोक सोडलं की सगळं उसवतं."

मशीन शनिवारी गेली. सलोनीची मूठ मात्र उघडली नाही. ती उजव्या हाताने जेवली, उजव्या हाताने शाळेची नवी वही लिहिली, वाकडीतिकडी. झोपताना आशाताई मुठीवर रुमाल बांधायच्या. "नवस बोललीय वाटतं पोरीने," त्या मला म्हणायच्या. "असू दे. वेडी आहे."

चोवीस दिवस गेले.

टाका काढायच्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. नेहा आत. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आत टाका नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "कधीचाच निघालेला दिसतोय. मग बाळ इतके दिवस थांबलं कशावर?"

आशाताईंनी हात जोडले. "पण दिवस भरलेत ना?"

"भरलेत. आता केव्हाही आलं तरी चालेल."

त्या आत गेल्या. सलोनीने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आता?"

मी मानेनेच हो म्हटलं.

तिने मूठ उघडली. तळहात घामाने पांढरा पडला होता. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत कातडीत काळी ओळ होती. एक टाका, तेवढीच मोकळी जागा, पुन्हा एक टाका. रक्ताचा थेंबही नव्हता. करंगळीपाशी दोऱ्याचं टोक सुटं राहिलं होतं.

सलोनीने ते उजव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि मी पहिल्या दिवशी दाखवलं होतं तसं, एका दमात ओढलं.