फोटोखालचं नाव

अकोल्यातल्या त्या लहानशा प्रदर्शनात सबीहा एका फोटोसमोर थबकली. हातानं रंगवलेली दुकानाची पाटी... तिच्याच परतवाड्यातली.

"हा तं माह्या प्रबंधात आहे!" ती पुटपुटली.

"असं का मॅडम? मंग खाली माहं नावबी असनच," मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. गळ्यात कॅमेरा, डोळ्यांत मिश्कील हसू. फोटोखाली 'नईम' असं नाव होतं; तो हाच. सबीहाचे कान तापले. तिनं तो फोटो नेटवरून उचलला होता, नाव न देता.

"तुमी... परवानगी द्यान का?"

"देतो ना. पन नाव लिहिलं का, ते फोन करून सांगा."

तिनं सांगितलं. मग रोजच काहीतरी सांगण्यासारखं निघू लागलं. अमरावतीच्या राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत तिच्याशी बोलणारं दुसरं होतंच कोण! खाली ट्यूशनच्या पोरांचा गलका, वर ती एकटी... फोनकडे बघत.

मार्गदर्शक सरांनी मात्र ते नाव खोडायला सांगितलं. "'मार्गदर्शकांच्या संग्रहातून' असं लिही. नेटवरचे फोटो कोण विचारते?"

"ज्याचा आहे, त्यानं विचारलं होतं सर."

सरांनी सही अडवली. मैत्रिणींचे प्रबंध जमा झाले, त्या गावी गेल्या. विभागात तिच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. शेवटी तिनं विभागप्रमुखांकडे अर्ज केला, तेव्हा कुठं सही झाली. नईमला यातलं काही तिनं कळू दिलं नव्हतं.

आनंदानं फोन केला, तर तो म्हणाला, "हैदराबादले नोकरी लागली मॅडम. उद्या निघून राहिलो."

ती अकोला स्टेशनवर पोचली तेव्हा गाडी लागलेली होती.

"तुमच्या विभागातल्या एकानं सांगितलं, नावापायी तुमची सही अडली होती म्हने! मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमीच म्हटलं असतं, खोडून टाका."

त्यानं गळ्यातला कॅमेरा उगाच सावरला.

"ऋणनिर्देशात मात्र तुमचं नाव नाही टाकलं," ती म्हणाली.

"काहून?"

"तिथं आभार मानले का मानूस मोकळा होते. अन् मले..." गाडी हलली. "मले नाही व्हायचं मोकळं."

दारात उभ्या नईमचं हसू विरलं. गाडी गेली. फलाट रिकामा झाला.

परतीच्या एसटीत मुर्तिजापूर मागे पडलं, तरी फोन मुकाच. मग वाजला.

"सबीहा..." पहिल्यांदाच त्यानं नुसत्या नावानं हाक मारली. "मलेबी नाही व्हायचं."

खिडकीबाहेर नांगरलेली काळी शेतं दूरवर पसरली होती. अमरावती येईपर्यंत तिनं फोन कानापासून हलवला नाही — आणि त्यानंही फोन ठेवला नाही.