सात नंबरच्या घरातली पिंपं

"नंदू, बॉल गेला सात नंबरात!" वैशाली ओरडली.

नेरुळ तेव्हा नुकतं वसत होतं. रो-हाउसच्या नव्या रांगा, बुटकी कुंपणं आणि मागच्या अंगाला शिरवणे गावाचा तलाव. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी कुठल्याही दारात शिरावं, माठातलं पाणी प्यावं! बंद असायचं ते फक्त सात नंबरचं घर. मालक परदेशी, किल्ली शेजारच्या दिनानाथकाकांकडे.

नंदूनं कुंपणावरून उडी मारली आणि नाक दाबलं. "ताई, शी! कसला वास येतोय!"

वैशाली आणि तिची शिरवण्याची मैत्रीण पुतळा धावल्या. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली लोखंडी पिंपं रचली होती. एक गळत होतं. पिवळट ओघळ गटारीत उतरत होता आणि कडेला बेडूक मरून पडले होते.

पुतळाचा चेहरा उतरला. "आमचे तलावाचं पानी पन असंच वासतंय. आमची चांदी म्हस कालपासना चारा खात नाय. आजा नुसता तिचेजवल बसून हाय."

"काय रे, इथे काय करताय?" कुंपणाशी दिनानाथकाका! "तुर्भ्याच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा माल आहे. उचलेल तो."

"पण काका, हे तलावात जातंय!"

"काहीतरीच! ही गटार थेट खाडीला मिळते. पळा!"

मुलं बाहेर आली. पुतळा रडवेली झाली. "उन्हं कलली की गावच्या सगल्या म्हशी पान्यावर येतील!"

"मग त्याआधी दाखवून द्यायचं," वैशाली म्हणाली. "पण कसं?"

"निळीनं!" नंदूनं चुटकी वाजवली. "आईची कपड्यांची नीळ!"

समोर वैशालीची आई, जयमालाबाई, शेजारणींबरोबर कुरडया वाळत घालत होत्या. वैशालीनं सगळ्यांसमोर मुद्दाम गोड आवाजात विचारलं, "काका, गटार खाडीला जाते ना? मग आम्ही निळीचं पाणी ओतलं तर तलावात येणार नाही?"

"ओता की बादलीभर!" काका हसले.

मुलांनी खरंच बादल्यांवर बादल्या ओतल्या! पुतळा तलावाकडे पळाली. सगळी रांग श्वास रोखून उभी राहिली. बराच वेळ काहीच नाही. काका मिशीत हसू लागले. एवढ्यात बांधावर उभी राहून पुतळा ओढणी गरागरा फिरवू लागली.

"आलं! निलं पानी आलं!"

जयमालाबाई तशाच पिठाच्या हातांनी तलावावर गेल्या, मागोमाग सगळे. काठाशी निळा पट्टा पसरत होता. पुतळाचा आजा हिरामण काठी आडवी धरून म्हशींना मागे वळवत होता.

दिनानाथकाकांनी मान खाली घातली. "पिंपांत काय आहे, याची मी साधी चौकशीसुद्धा केली नाही," ते पुटपुटले. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः उभं राहून पिंपं हलवली, गटारीचं तोंड मातीनं बुजवलं आणि चांदीसाठी गुरांचा डॉक्टर आणला. ती वाचली!

हिरामणआजानं तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "तुमी पोरां होती म्हनून आमची गुरां राह्यली!"

तलाव उपसून स्वच्छ होईपर्यंत शिरवण्याच्या म्हशी रांगेतल्या घरांसमोर पाणी प्यायला यायच्या. दारोदार बादल्या भरलेल्या असायच्या. त्या उन्हाळ्यात, मुंबई सोडून इथे राहायला आलेल्या रांगेतल्या बायकांना गावातली एकूण एक म्हैस नावानं ओळखता येऊ लागली.